दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन: हौशी खेळाडूची तयारी

दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालवणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे तीन टप्पे एकाच दिवसात, एकामागोमाग पार करावे लागतात. १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर अशी स्पर्धा प्रथम झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आज नोकरी आणि संसार सांभाळणारे असंख्य हौशी खेळाडू ती पूर्ण करतात. त्यात पायांच्या ताकदीइतकाच वाटा सायकलवर स्वतःला आवरण्याचा आणि वेळेवर खाण्याचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी कागदावर हिशोब मांडावा. पोहताना दर १०० मीटरला अडीच मिनिटे लागली तर पहिला टप्पा सुमारे ९५ मिनिटांत संपतो. सायकलचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर राहिला तर सव्वासात तासांच्या आत दुसरा टप्पा होतो. आणि किलोमीटरला आठ मिनिटे या गतीने मॅरेथॉनला ५ तास ३८ मिनिटे लागतात. कपडे बदलण्याची २० मिनिटे धरली तरी बेरीज पावणेपंधरा तासांची होते. अनेक स्पर्धांची एकूण वेळमर्यादा १७ तासांची असते, म्हणजे सव्वादोन तास हाती राहतात. मात्र पोहण्याला आणि सायकलला स्वतंत्र कटऑफ, म्हणजे वेळमर्यादा, असतात आणि ते स्पर्धेगणिक बदलतात, त्यामुळे आपल्या स्पर्धेची नियमपुस्तिका आधी वाचावी.

ज्याला अर्धमॅरेथॉन धावता येते आणि एक किलोमीटर न थांबता पोहता येते, त्याने तयारीसाठी सहा ते नऊ महिने हाताशी ठेवावेत आणि सुरुवातीलाच डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आठवड्याला आठ ते बारा तास पुरतात, पण त्यात खंड पडता कामा नये. बहुतेक सराव पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्या संथ गतीने करावा. तीन आठवडे भार वाढवत न्यावा आणि चौथा आठवडा हलका ठेवावा. लांब सायकलफेरी हळूहळू पाच ते सहा तासांपर्यंत न्यावी, पण सरावातील धाव अडीच-तीन तासांपलीकडे नेऊ नये, कारण त्यापुढे फायद्यापेक्षा दुखापतीचा धोका जास्त असतो. सायकलवरून उतरताच २०-३० मिनिटे धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. तो नियमित केल्यास जड झालेल्या पायांनी लय पकडण्याची सवय होते. शेवटचे दोन-तीन आठवडे सरावाचे प्रमाण निर्धाराने कमी करावे. या काळात हात-पाय शिवशिवतात आणि राहिलेला सराव भरून काढावासा वाटतो, पण तो मोह टाळावा.

तलावात भिंतीला पाय लावून ढकलता येते, खुल्या पाण्यात ती सोय नसते आणि तळाशी रेघही नसते. म्हणून दर सहा-आठ हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर येतील इतकेच डोके उचलून समोरची खूण पाहण्याचा सराव करावा, कारण डोके जास्त उचलले की कंबर आणि पाय खाली जातात. खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये. गर्दीची भीती वाटत असेल तर स्पर्धेत कडेने किंवा मागून सुरुवात करावी.

पाण्यातून बाहेर आल्यावर हेल्मेट घालून त्याचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावायचा नाही. हा नियम आहे आणि तो मोडल्यास दंड होतो. घाईत नेमके हेच विसरते, म्हणून हेल्मेट हँडलवरच उलटे ठेवावे.

सायकलचे पहिले ४० किलोमीटर फसवे असतात. पाय ताजे वाटतात, शेजारून लोक पुढे जातात आणि नकळत जोर वाढतो. तेव्हा हृदयगती लांब सायकलफेरीत असते तेवढीच ठेवावी आणि चढावर उभे राहून जोर लावण्याऐवजी हलका गियर टाकून बसूनच चढावे. येथे वाचवलेली दहा मिनिटे मॅरेथॉनमध्ये तासाभराची किंमत वसूल करू शकतात. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवणे हौशी गटांत नियमबाह्य असते, त्यामुळे अंतर राखावे. पंक्चर स्वतः काढता आलेच पाहिजे. घरी मागच्या चाकाची ट्यूब चार-पाच वेळा बदलून हात बसवावा.

खाणे हा तर चौथा टप्पाच समजावा. शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा एवढ्या तासांना पुरत नाही, म्हणून सायकलवर दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. वरच्या मर्यादेपर्यंत जायचे असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेली पेये किंवा जेल (पुडीतून चोखायचा गोड, घट्ट पदार्थ) घ्यावीत, कारण आतड्यात त्यांचे शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते. भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळ दर २० मिनिटांनी वाजेल असे लावावे. पोटालाही सराव लागतो. लांब सायकलफेऱ्यांत न वापरलेला एकही पदार्थ स्पर्धेच्या दिवशी तोंडात घालू नये. नुसते साधे पाणी भरमसाट पिणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. तहानेनुसार प्यावे, घामातून जाणारे मीठ भरून काढावे, आणि डोके दुखून मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले तर थांबून वैद्यकीय पथकाला गाठावे.

धावण्याची सुरुवात ठरवलेल्या गतीपेक्षाही हळू करावी. पहिल्या किलोमीटरपासून प्रत्येक पाणपोईवर चालत जाऊन निवांत प्यावे, खावे आणि मग पुन्हा धावावे. पाय संपल्यावर नाइलाजाने चालण्यापेक्षा हे ठरवून चालणे कितीतरी स्वस्त पडते. साधारण ३० किलोमीटरनंतर जेल नकोसे होते. तेव्हा कोला किंवा पातळ सूप असे जे उतरेल ते घोट-घोट घेत राहावे, आणि पुढच्या पाणपोईपर्यंतचेच अंतर डोळ्यांसमोर ठेवावे.