क्रूझवरचे पूल आणि हॉट टब: पाणी नितळ दिसतं म्हणून फसू नका, या चुका टाळा

वरच्या डेकवरचा पूल निळाशार दिसतोय, तळाची टाइल न् टाइल मोजता येतेय, म्हणजे पाणी चांगलं आहे असं समजणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. क्लोरीन पार संपलेलं पाणीही काही तास तितकंच नितळ दिसतं. पाहुण्यांनी डोळ्यांवर विसंबलं तर समजू शकतं, पण ज्याच्या हातात टेस्ट किट आहे त्याला ती मुभा नाही.

गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, मुंबई इथली बरीच मुलं आज क्रूझवर पूल अटेंडंट म्हणून, डेकवर किंवा इंजिन विभागात काम करतात. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना 'यूएसपीएच'ची धास्ती घातली जाते. म्हणजे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं जहाज-स्वच्छता इन्स्पेक्शन. ते न कळवता होतं, 100 पैकी गुण मिळतात आणि 85 किंवा त्याखाली आलात की जहाज नापास. पण नुसत्या धास्तीनं कोणी शिकत नाही. आकडा का पाळायचा हे कळलं की हात आपोआप नीट चालतो, म्हणून कारणांसकट लिहितोय.

हॉट टबला छोटा पूल समजणं

टब दिसतो लहान, म्हणून त्याच्याकडे लक्षही कमी दिलं जातं. खरं तर उलट हवं. पूलमध्ये माणसामागे पाणी भरपूर असतं. टबमध्ये पाच-सहा टन पाण्यात सहा-आठ जण बसतात, तेही घाम आणि सनस्क्रीनसकट. पाणी 40 अंशांपर्यंत गरम, त्यात जेट आणि हवेचे बुडबुडे. उष्णता आणि हवा दोन्ही क्लोरीन उडवतात. लिजिओनेला जिवाणू साधारण 25 ते 45 अंशांत वाढतो, म्हणजे टबचं तापमान त्याच्या बरोबर सोयीचं. शिवाय जेटमुळे पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि लिजिओनेलाचा न्यूमोनिया होतो तो हे तुषार श्वासातून आत गेल्यानं. दुसरा सोबती स्यूडोमोनास. टबमधून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत स्विमसूटखाली लाल पुरळ उठतं ते बहुतेक त्याचं काम.

म्हणूनच सीडीसीच्या नियमांत दोघांचे आकडे वेगळे आहेत. पूलमध्ये मोकळा (घाणीत खर्च न झालेला) क्लोरीन 1 ते 5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), टबमध्ये 3 ते 10. टबला ब्रोमीन वापरत असाल तर 4 ते 10. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली याचा आकडा, दोन्हीकडे 7.0 ते 7.8. टबचं पाणी दर 72 तासांनी बदलायचं आणि रोज शॉक द्यायचा, म्हणजे क्लोरीन मुद्दाम चढवायचा: किमान 10 पीपीएम, किमान एक तास, पाणी फिरत असताना.

इथेच दोन गफलती होतात. एक म्हणजे रात्री शॉक देताना जेट बंद ठेवले जातात. मग जास्तीचा क्लोरीन टबच्या पाण्यात राहतो आणि जेटच्या पाइपांत, जिथे बुळबुळीत थर धरतो, तिथे पोचतच नाही. तो थर हे जिवाणूंचं घर असतं. दुसरी म्हणजे पाणी बदललं, पण भिंती, स्किमर (वरचं पाणी ओढून घेणारं तोंड) आणि पाण्याच्या रेघेवरचा तेलकट पट्टा घासला नाही. नवं पाणी जुन्या थरात भरल्यावर क्लोरीन तासाभरात का पडतो, हा प्रश्न मग उरत नाही.

किती घालायचं याचा हिशेब पाठ असावा. टब 5000 लिटरचा, क्लोरीन 3 आहे आणि 10 वर न्यायचाय. फरक 7 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 7 मिलिग्रॅम. एकूण 35 ग्रॅम क्लोरीन. लिटरमध्ये 120 ग्रॅम क्लोरीन असलेलं द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर सुमारे 290 मिलिलिटर. प्रत्यक्षात पाण्यातली घाणही थोडा क्लोरीन खाते, म्हणून घाला, फिरवा, पुन्हा तपासा. आणि हायपोचा कॅन उकाड्याच्या लॉकरमध्ये महिनोन्महिने पडून असेल तर लेबलवरची ताकद त्यात उरलेली नसते. 'कितीही ओता, आकडा चढत नाही' अशी तक्रार असेल तर पंप उघडायच्या आधी कॅनची तारीख बघा.

फिल्टर कधीच न उघडणं

1994 ची गोष्ट. 'होरायझन' हे जहाज न्यू यॉर्कहून बर्म्युडाच्या फेऱ्या करत होतं. एप्रिल ते जुलै या काळातल्या नऊ सफरींमधले 50 प्रवासी लिजिओनेअर्स आजाराचे (लिजिओनेलाच्या न्यूमोनियाचे) खात्रीचे किंवा संभाव्य रुग्ण निघाले. लोक घरी गेल्यावर, वेगवेगळ्या गावांत आजारी पडले, त्यामुळे धागा जुळायला वेळ लागला. तपासात दिसलं की टबच्या पाण्यात घालवलेल्या प्रत्येक तासामागे धोका 64 टक्क्यांनी वाढत होता. जे टबमध्ये उतरलेच नाहीत त्यांच्यातही टबच्या आसपास वेळ घालवलेल्यांना धोका जास्त होता. जिवाणू सापडला तो टबच्या सँड फिल्टरच्या वाळूत.

मला या कामात सगळ्यात जास्त कळकळ वाटते ती फिल्टरची. टबच्या पाण्याचा आकडा सगळे बघतात, वाळूकडे कोणी बघत नाही. बॅकवॉश केला, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून वाळू धुतली, की झालं, असं मानलं जातं. बॅकवॉश घाईनं उरकला तर वाळू नीट उचललीच जात नाही. साइट ग्लासमधलं (पाइपावरच्या काचेतून दिसणारं) पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवायचा. तेल आणि त्वचेच्या कणांनी वाळूचे गोळे होतात, पाणी मधूनच वाट काढतं आणि बाकीची वाळू गरम, साचलेल्या पाण्यात पडून राहते. म्हणून महिन्यातून एकदा झाकण उघडून आत बघायचंच: वाळूचा पृष्ठभाग सपाट आहे का, खड्डे, उंचवटे, भेगा पडल्यात का. खोलवरची मूठभर वाळू काढून काचेच्या बाटलीत स्वच्छ पाण्यात हलवा आणि थोडा वेळ ठेवा. वर गढूळपणा राहिला, वाळूचे गठ्ठे दिसले, तर ती वाळू बदलायचीच. चीफ इंजिनिअरकडे विषय काढायला संकोच करू नका. ती बाटली टेबलावर ठेवली की बोलायचं काम बरंच कमी होतं.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. 2022 ते 2024 या काळात दोन क्रूझ जहाजांवर 12 प्रवाशांना हाच आजार झाला आणि संशय गेला तो केबिनच्या बाल्कनीतल्या खासगी हॉट टबकडे. सार्वजनिक टबइतके कडक नियम त्यांना लागू नव्हते. बाल्कनीतला टब हाउसकीपिंगचा की इंजिनचा, हा वाद जिथे मिटलेला नसतो, तिथे पाणी गरम होऊन पडून राहतं. दोन पाहुण्यांच्या मध्ये तो रिकामा आणि कोरडा करणं हा सरळ उपाय.

टेस्ट किटच्या चुका

डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची गोळी टाकली, पाणी गुलाबी झालं, आकडा लिहिला. इतकं सोपं वाटतं, पण निम्म्या खोट्या नोंदी इथेच जन्माला येतात.

सगळ्यात फसवी चूक ऐका. शॉकनंतर नमुना घेतला, गोळी टाकली, क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली. वाचन जवळपास शून्य. नवा मुलगा घाबरून आणखी क्लोरीन ओततो. प्रत्यक्षात क्लोरीन इतका जास्त असतो की तो रंगच उडवून टाकतो. असा संशय आला की नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यात दहापट पातळ करा, पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणा.

दुसरी चूक कुपीची. एकत्रित (घाणीशी जोडल्या गेलेल्या) क्लोरीनसाठी 3 नंबरची गोळी वापरली आणि कुपी नुसती झटकून पुन्हा मोकळ्या क्लोरीनच्या 1 नंबर गोळीसाठी घेतली, तर आतला अंश पुढचं वाचन फुगवतो. मोकळा क्लोरीन आहे असं दिसतं आणि नसतो. कुपी नीट विसळा, शक्यतो दोन वेगळ्या ठेवा. गोळी बोटांनी धरू नका. नमुना इनलेटच्या (पाणी आत येतं त्या) तोंडाशी घेऊ नका, तिथे नुकतंच डोस झालेलं पाणी असतं. इनलेटपासून लांब, कोपरभर खोल हात घालून घ्या.

आणि तो उग्र वास. पूलला क्लोरीनचा भपका येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झाला असं पाहुणे सांगतात, कधी कधी सुपरवायझरही. बहुतेक वेळा तो क्लोरामिनचा वास असतो, म्हणजे घाम-लघवीशी लढून थकलेल्या क्लोरीनचा. तेव्हा डोस कमी करणं ही चूक. शॉक आणि ताजं पाणी हा उपाय.

जहाजाच्या पाण्याचा स्वभाव न ओळखणं

पीएच 7.5 ला मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मा खऱ्या अर्थानं जंतू मारतो. 8 ला तोच वाटा जेमतेम पावभर. म्हणजे कागदावर 3 पीपीएम, कामाला पाऊणही नाही. हायपो स्वतः अल्कली आहे, तो पीएच वर ढकलतो, म्हणून आम्ल लागतं.

जहाजावर यात एक वेगळी भर पडते. इव्हॅपोरेटर किंवा आरओ या समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्रांतून निघालेलं पाणी फार मऊ असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. त्यामुळे जरा आम्ल पडलं की पीएच कोसळतो, जरा हायपो पडला की उडी मारतो. डोसिंग पंप रात्रभर मागेपुढे धावत असेल तर पंपाला दोष देण्याआधी टोटल अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद, बघा. खाण्याच्या सोड्यानं ती 80 ते 120 पीपीएमवर आणली की पीएच ठिकाणावर राहतो. क्षार नसलेलं असं भुकेलं पाणी टाइल्सच्या फटींतला सिमेंटही खातं.

समुद्राचं पाणी भरलेल्या पूलची तऱ्हा आणखी निराळी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. त्यात क्लोरीन घातलं की काम करतं ते ब्रोमीन. क्लोरीनच्या आकड्याला 2.25 नं गुणलं की ब्रोमीनचा आकडा येतो, हे लॉगबुक लिहिताना ध्यानात हवं. सतत समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारा पूल फक्त चालत्या जहाजावर आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे भरायचा. बंदराकडे वळताना व्हॉल्व्ह वेळेत बंद करायचा राहिला तर काय आत येतं, हे मुंबई बंदराच्या गोदीतलं पाणी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

आम्ल आणि हायपो

इथे चुकीला जागा नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. एकच बादली, एकच मग, एकच फनेल दोन्हींना वापरायचं नाही, धुतलेलं असलं तरी. त्याहून छुपा धोका असा: फिरता पंप बंद पडतो, पण डोसिंग पंप चालूच राहतात. पाइपात आम्ल आणि हायपो साचतात आणि पंप पुन्हा सुरू झाला की वायूचा लोट थेट पूलमध्ये फुटतो. प्रवाह थांबला की डोसिंग थांबलंच पाहिजे. ही इंटरलॉक खरंच चालते का, हे पूल रिकामा असताना तपासून बघा. पंप बराच वेळ बंद राहिला असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग सुरू करा.

पाण्यात शी झाली तर

पाहुण्यांची नाराजी नको म्हणून जाळीनं काढून पुढे चालू ठेवणं, हे अजिबात नाही. घट्ट शी असेल तर पूल बंद, घाण काढा, क्लोरीन किमान 2 पीपीएम, पीएच 7.5 किंवा कमी, आणि सुमारे अर्धा तास वाट बघा. पातळ असेल तर गोष्ट गंभीर, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभरही जगतो. त्याला 20 पीपीएम, पावणेतेरा तास. टब असेल तर इतकं कशाला करा? रिकामा करा, घासा, फिल्टरचं बघा, पुन्हा भरा. डायपरमधल्या बाळांना पूलमध्ये सोडायचं नाही हा नियम सांगताना आई-बाप रागावतात. शांतपणे सांगा, पण सांगाच.

लॉगबुकात सुंदर आकडे

सकाळी 7.4, दुपारी 7.4, रात्री 7.4. क्लोरीन कायम 3.5. भर समुद्रात, भरलेल्या टबमध्ये असं होत नाही. इन्स्पेक्टर आकडे आपोआप नोंदवणाऱ्या रेकॉर्डरचा आलेख काढतो आणि शेजारी वही ठेवतो. वर्षभराच्या नोंदी त्याला दाखवाव्या लागतात. आकडा बाहेर गेला असेल तर तो तसाच लिहा, त्यापुढे टब किती वाजता बंद केला, काय घातलं, किती वाजता उघडला हे लिहा.

प्रवासी म्हणून जाणार असाल तर उतरण्याआधी साबणानं अंघोळ करा. टबच्या भिंतीला आतून हात लावून बघा, बुळबुळीत लागली तर उतरू नका आणि क्रूला सांगा. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना आपण क्रूझवर होतो, हॉट टबमध्ये किंवा टबजवळ बसलो होतो हे आपणहून सांगा. लिजिओनेलासाठी लघवीची तपासणी असते, पण ती सांगितल्याशिवाय कोणी करत नाही आणि नेहमी दिली जाणारी काही अँटिबायोटिक्स या जिवाणूवर चालत नाहीत.