'तेरे बस का नहीं' ऐकल्यानंतर: नोकरी सांभाळून सीए इंटरची तयारी

इंदूरच्या सियागंजातली पेढी, चार-पाच वर्षं तेच काम: बिलं, खतावणी, बँकेचा मेळ, जीएसटी. एक दिवस धीर करून सीए करायचं आहे असं सांगावं आणि शेठजींनी मान वर न करता म्हणावं, "तेरे बस का नहीं है." पुढे ती नोकरी सुटते, दुसरी लागते, पण वाक्य काही सुटत नाही. असं वाक्य मनात धरून अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. ते खोटं ठरवता येतं, मात्र ते कशावर उभं होतं हे आधी नीट पाहायला हवं. शेठजींनी तुम्हाला एंट्री करताना पाहिलेलं असतं. ती एंट्री का केली, हे तुम्ही सांगताना त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. इंटरच्या, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या, परीक्षेत नेमकं तेच 'का' लिहून मागतात.

आधी एक कागद घ्या. त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवा आणि खाली दोन रकाने आखा. डावीकडे टोमणा, उजवीकडे माहिती. "तेरे बस का नहीं" हा टोमणा. त्याच्यावर करण्यासारखं काहीच नाही, तो डावीकडे राहू द्या. पण त्याच्या मागेपुढे आणखी काही बोलणं झालेलं असतं: "का ते विचारलं की गप्प बसतोस", "मार्चएंडला तुझा ताळा कधी वेळेवर जुळत नाही", "चिठ्ठी लिहायची म्हटलं की दुसऱ्याकडे ढकलतोस". हे सगळं उजवीकडे लिहा, मग ते कितीही लागलेलं असो. यातलं जे खरं असेल ते मान्य करा आणि त्याची चाचणी बनवा. 'का' सांगता येत नसेल, तर रोज एका नियमाचं कारण पुस्तक मिटून पाच ओळींत लिहायचं. ताळा उशिरा जुळत असेल, तर एक मोठं गणित घड्याळ लावून सोडवायचं. लिहिणं टाळत असाल, तर रोज एक पान हातानं लिहायचं. शेठजींचा राग आला की आपण अख्खं बोलणंच फेकून देतो आणि नेमकी दुखरी जागा त्याच्याबरोबर जाते.

रागाबद्दल एवढंच की तो पहाटे उठवतो, पण साधारण तीन आठवडे. त्यानंतर ठरलेली वेळ आणि ठरलेली जागाच उठवते. म्हणून ते तीन आठवडे प्रतिज्ञा करण्यात घालवू नका, सवय बसवण्यात घालवा. जुन्या पेढीतल्या सोबत्यांना काही कळवू नका. त्यांनी हटकून 'कुठवर आलं?' विचारायचं आणि तुम्ही आहे त्यापेक्षा पुढचं सांगायचं, असं सुरू झालं की अभ्यास त्यांच्यासाठी होऊ लागतो. घरी मात्र स्पष्ट सांगा. आई-बाबांना तारखा माहीत असल्या, तर राजेंद्रनगरातल्या मावशीकडच्या मुंजीला तुम्ही अर्ध्या तासात का निघालात हे तुम्हाला सांगत बसावं लागत नाही.

दार कोणतं

बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, न देता थेट इंटरला नाव नोंदवता येतं. वाणिज्य सोडून इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. मार्कशीट काढून टक्के स्वतः मोजा, आठवणीवर जाऊ नका. टक्के कमी असतील तर फाउंडेशन द्यावं लागेल. त्याचे १०० गुणांचे चार पेपर असतात आणि त्यांतल्या दोन वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तेवढे महिने हिशेबात धरा.

इंटरचे सहा पेपर आहेत, तीन-तीनचे दोन ग्रुप. पहिल्यात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कंपनी व इतर कायदे आणि टॅक्सेशन. दुसऱ्यात कॉस्टिंग, ऑडिट आणि फायनान्शियल मॅनेजमेंट-स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. प्रत्येक पेपर १०० गुणांचा. प्रत्येकात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, म्हणजे १५०, दोन्ही जुळले तरच पास. इथेच बरेचजण अडकतात. तीन पेपरांत ४५, ४८, ५० मिळाले तर बेरीज १४३ होते आणि एकाही पेपरात नापास नसताना ग्रुप जातो. तेव्हा तिन्ही जेमतेम काढण्यापेक्षा एक पेपर ६५-७० वर नेण्याची योजना हवी. त्यात दुसराही फायदा आहे: ग्रुप गेला तरी ज्या पेपरात ६० मिळाले त्यात पुढच्या तीन अटेम्प्टसाठी एक्झेम्प्शन मिळतं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही.

दोन्ही ग्रुप एकदम दिले तर, प्रत्येक पेपरात ४० असले की, सहाशेपैकी ३०० वर दोन्ही निघतात, एका ग्रुपची तूट दुसरा भरून काढतो. हे ऐकायला गोड आहे. पण दिवसभर नोकरी करणाऱ्यानं एकेक ग्रुप द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये होते. हिशेबाच्या नोकरीत असाल तर सप्टेंबर टाळा. जुलैपासून रिटर्नची गर्दी, पाठोपाठ टॅक्स ऑडिटची धावपळ आणि त्यातच गणपती. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला सगळं शहर रस्त्यावर असतं, तेव्हा घरात पुस्तक उघडून बसणं फार थोड्यांना जमतं. मे महिन्याच्या आड मार्चएंड येतो आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूकही. जानेवारीच्या आधी दिवाळी येते, पण त्यानंतरचे दीड-दोन महिने त्या मानानं मोकळे असतात. पहिला ग्रुप जानेवारीत, दुसरा त्यानंतरच्या सोयीच्या अटेम्प्टला, हे बहुतेकांना झेपतं.

तासांचा हिशेब

एका ग्रुपला साधारण ६०० तास धरा, पेपरमागे २००. सोमवार ते शनिवार रोज साडेतीन तास म्हणजे २१, रविवारी सात, आठवड्याचे २८. चोवीस आठवड्यांत ६७२ होतात. वरचे ७२ तास ताप, लग्न आणि जीएसटीच्या तारखांसाठी. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न) असेल, तर त्याच्या आदल्या दोन दिवशी अभ्यास निम्माच होणार. तो तक्त्यात आधीपासून निम्माच लिहा. नाही तर दर महिन्याला तुम्ही 'मागे पडलो' म्हणून खचाल, आणि खचलेला माणूस पुढचे चार दिवसही घालवतो.

बाजार उशिरा उघडतो, त्याचा फायदा घ्या. पहाटे पाच ते साडेसात अडीच तास गणिताचे पेपर, रात्री जेवणानंतर एक तास कायदा किंवा ऑडिटचं वाचन. उलट केलंत तर रात्री दमलेल्या डोक्यानं कॉस्टिंगचं एक गणित तासभर पुरेल आणि सुटणारही नाही.

पुस्तकं मोजकीच ठेवा: आयसीएआयचं (सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं) स्टडी मटेरियल, त्या अटेम्प्टचं आरटीपी (उजळणीचे प्रश्न), एमटीपी (सराव परीक्षा) आणि मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स (संस्थेनंच दिलेली नमुना उत्तरं). हे सगळं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. खजुरी बाजारातून जुनी मॉड्यूल घ्यायची तर मे २०२४ पासून लागू झालेल्या नव्या योजनेचीच आहेत ना, हे पहिल्या पानावर बघा. त्या योजनेतलं अकाउंट्स आणि कॉस्टिंगचं जुनं पुस्तक चालून जाईल. टॅक्सचं मात्र जुनं अजिबात घेऊ नका, चार रुपये वाचतील आणि गुण जातील. तुमच्या अटेम्प्टला कोणता वित्त कायदा आणि कोणतं वर्ष लागू आहे, ते संस्थेच्या सूचनेत वाचूनच टॅक्सला हात लावा.

पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. काय निवडायचं ते पहिल्या दिवशी ठरवा. समजून घेताना मराठीतच घ्या, मनात मराठीतच बोला, पण सराव निवडलेल्या भाषेतच लिहून करा.

तुम्हाला येतं, पण अर्धंच

पेढीत काम केलेल्याला जीएसटी सोपं वाटतं आणि तिथंच तो घसरतो. पेढीत तुम्ही २बी (पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) उतरवता, बिलांशी जुळवता आणि जुळलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता. परीक्षा विचारते ते असं: पुरवठादाराचं बिल २९ मार्चचं, मार्चच्या २बीत दिसतंय, माल ३ एप्रिलला गोदामात पोचला. क्रेडिट कधी? सवयीचा हात 'मार्च' लिहितो. कलम १६(२) मध्ये बिल हाती असणं आणि पुरवठादारानं ते कळवलेलं असणं या अटी आहेत, तशी माल मिळालेला असण्याचीही आहे. म्हणून मार्चमध्ये नाही, माल पोचल्यावर एप्रिलमध्ये.

आणखी एक. माल १,००,००० चा, कर १८,०००, बिल १,१८,०००. क्रेडिट पूर्ण घेतलं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवस उलटले आणि तोवर पुरवठादाराला निम्मेच, ५९,००० दिले. आता न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात क्रेडिट परत करायचं: १८,००० गुणिले ५९,००० भागिले १,१८,०००, म्हणजे ९,०००, आणि वर व्याज. उरलेले पैसे दिल्यावर ते ९,००० पुन्हा घेता येतात. पेढीत उधारी कायमच लांबते, पण हा विचार किती ठिकाणी होतो? पूर्वी केलेली दहा-बारा कामं आठवा आणि प्रत्येकाचं कलम शोधा. जुनी नोकरी अशी वसूल होते. आठवणीतली कामं पुरेशी आहेत, जुन्या पेढीची कागदपत्रं किंवा डेटा स्वतःकडे ठेवू नका.

लिहिणं

पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे, ७० लेखी. इंटरला चुकीच्या पर्यायाला गुण कापत नाहीत, म्हणून एकही मोकळा सोडायचा नाही. वेळ तीन तास. पन्नास मिनिटं पर्यायांना, १२५ लेखीला, पाच तपासायला. आधीची पंधरा मिनिटं फक्त वाचनाची असतात, त्यात कोणता प्रश्न सोडायचा ते ठरवून टाका.

कायद्याचं उत्तर तीन परिच्छेदांत लिहा: तरतूद, प्रश्नातली परिस्थिती, निष्कर्ष. उदाहरणार्थ, कंपनीची मागची वार्षिक सभा २० ऑगस्ट २०२४ ला झाली, पुढची २५ नोव्हेंबर २०२५ ला ठेवली. चालेल का? पहिला परिच्छेद: कलम ९६ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा हवी आणि दोन सभांत १५ महिन्यांहून जास्त अंतर नको. दुसरा: वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणजे मुदत ३० सप्टेंबर, शिवाय १५ महिने २० नोव्हेंबरला पुरे होतात. तिसरा: दोन्ही अटी मोडल्या, मुदतवाढ घेतलेली नसेल तर सभा उशिरा झाली. नुसतं 'चालणार नाही' लिहिणाऱ्याचा निष्कर्ष बरोबर असतो, पण गुण तरतुदीला आणि ती लावून दाखवण्याला असतात. कलमाचा आकडा खात्रीचा नसेल तर लिहू नका, तरतूद शब्दांत लिहा.

गणितात प्रत्येक टिपण, म्हणजे वर्किंग नोट, क्रमांक देऊन उत्तराचा भाग म्हणून लिहा. पेढीत आकडेमोड चिठोऱ्यावर करून चिठोरं फेकायची सवय असते. इथे शेवटचा आकडा चुकला तरी टिपणांचे गुण मिळतात, पण ती कागदावर दिसली तर.

परीक्षा दुपारी दोन ते पाच असते. पहाटे तरतरीत असणारं डोकं दुपारी तीनला पेंगतं, आणि हे बहुतेकांना थेट केंद्रावरच कळतं. शेवटचे आठ रविवार बरोबर दोन वाजता बसून पूर्ण पेपर लिहा: खुर्चीवर, फोन दुसऱ्या खोलीत, घरातल्या कोणाकडे तरी घड्याळ. त्या रविवारी दाल-बाफल्यांचा बेत असेल तर तो रात्री ठेवायला सांगा, तूप घातलेले दोन बाफले पोटात असताना ऑडिटचा पेपर लिहिता येत नाही. सोमवारी पहाटे तोच पेपर सजेस्टेड आन्सर्सशी ताडून स्वतः तपासा आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, आठवलं नाही, वेळ संपला, प्रश्न चुकीचा वाचला. चार पेपरांनंतर एक कारण सारखं पुढे येतं. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्याच्यावरच बेता.

बिघडतं ते बहुधा शेवटच्या महिन्यात. नवा क्लास, नव्या नोट्स, कोणाचे तरी 'महत्त्वाचे पन्नास प्रश्न' हाती येतात आणि आपलं लिहिलेलं बाजूला पडतं. त्या महिन्यात नवं काही आणायचं नाही. आरटीपी तेवढं करायचं, कारण त्यात त्या अटेम्प्टपर्यंतचे बदल असतात.

निकाल

गेला, तर त्या दिवशी शेठजींना बरोबर ठरवू नका. कोणत्या पेपरात किती कमी पडले ते बघा. उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत ठरावीक मुदतीत मागवता येते, ती नक्की मागवा. उजव्या रकान्यातली कोणती गोष्ट अजून शिल्लक आहे, ते त्या पानांवर स्पष्ट दिसतं.

निघाला, तर जुन्या पेढीत पेढे घेऊन जायचं की नाही हा तुमचा प्रश्न. गेलात तर त्यांच्या वाक्याची आठवण करून देऊ नका, त्यांना ते आठवतं. दोन्ही ग्रुप झाल्यावर आयसीआयटीएसएस हे संस्थेचं प्रशिक्षण पूर्ण करून दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होते, आणि तिच्यासाठी नोकरी सोडावी लागते. स्टायपेंड पगारापेक्षा कमी असणार, म्हणून दुसऱ्या ग्रुपच्या आधीपासून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकत चला. आणि याच सुमारास शेठजींचा फोन येऊ शकतो: संध्याकाळी दोन तास येऊन आमचं जीएसटी बघून जात जा. आर्टिकलशिप चालू असताना परवानगीशिवाय दुसरं काम करता येत नाही. त्यांना तेवढंच सांगा, आणि काम हवंच असेल तर ऑफिसच्या सीए साहेबांचा नंबर द्या.