हिवाळ्यात अंग उलू नये म्हणून काय करायचं

दिवाळी झाली की आपल्याकडं हवा कोरडी पडते आणि ओठ, बोटं, टाचा सगळं उलायला, म्हणजे भेगाळायला लागतं. थंड हवेत बाष्प कमी असतं त्यामुळं कातडीतलं पाणी लवकर उडतं, आणि ते अडवणारा वरचा तेलकट थर आपणच कढत पाण्यानं अन् साबणानं धुऊन टाकतो. नागपूरचा पारा २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंशापर्यंत उतरला होता, पण अंग उलायला तेवढी थंडी लागतही नाही. महागड्या क्रीमच्या मागं लागू नका. तेल कोणतं यापेक्षा ते कधी लावता यावर सगळं आहे.

१. आंघोळीचं पाणी कोमटच घ्या. पाण्याच्या गंजात (पातेल्यात) हात बुडवून आरामात ठेवता आला की झालं. पाच-दहा मिनिटांत उरका. साबण बगल, जांघ, पावलं, जिथं घाम-माती असते तिथंच लावा, पायाच्या नळ्यांवर (नडग्यांवर) रोज फेस कशाला? कपड्याचा साबण तर अंगाला नकोच, बऱ्याच न्हाणीत एकच वडी असते म्हणून सांगावं लागतं.

२. आता खरं काम. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा व्हॅसलीन लावा. तेल कातडीला पाणी देत नाही, आत असलेलं पाणी अडवून ठेवतं, त्यामुळं कपडे घालून, चहा पिऊन मग सुक्या अंगावर तेल चोपडलं तर अंग चमकतं पण थोड्या वेळानं पुन्हा ओढायला लागतं. खोबरेल चांगलं, गोठलं तर बाटली उन्हात ठेवा. तिळाचंही चालतं, गडचिरोली-गोंदियाकडं मोहाच्या बियांचं तेल लावतात तेही छान. तान्ह्या लेकराला मोहरीचं तेल मात्र नको, नाजूक कातडीला त्रास होतो. ग्लिसरीन असेल तर पाणी मिसळून लावा अन् वरून तेलाचा हात फिरवा.

३. कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी हे खास. बोंडाची सुकलेली टोकं नखाच्या कडेला ओरखडे काढतात, तिथंच भेग पडते आणि मग भाकरी थापताना, भाजीत तिखट टाकताना जी आग होते ती ज्याची त्यालाच माहीत. सकाळी तेलकट हातानं कापूस वेचता येत नाही, म्हणून उपाय रात्रीच करा: भांडी आटोपली की हात धुवायचे, थोडे ओले असतानाच बोटांच्या पेरांना, नखांच्या कडेला व्हॅसलीन चोळायचं, आणि जुने सुती मोजे हातात चढवून झोपायचं. आठवडाभर नेमानं करा, फरक दिसतो. आणि उललेल्या हातानं हरभऱ्यावर फवारणी करू नका हो, भेगांतून औषध अंगात लवकर जातं. करायचीच असेल तर रबरी हातमोजे हवेतच.

४. टाचांसाठी १०-१५ मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा, वजरीनं हलक्या हातानं घासा, टिपून व्हॅसलीन, वरून मोजे. कातडी फारच जाड झाली असेल तर मेडिकलमध्ये युरिया असलेली क्रीम मिळते, ती विचारा (शेतातला युरिया नव्हे बरं!). ब्लेडनं कातडी कापू नका. रात्री लाईन (वीज) असते तेव्हा ओलित करायला वावरात जाता, त्या वेळी गमबूट घाला, घरी आल्यावर पाय धुवून, बोटांच्या मधली जागा कोरडी करून मग तेल.

५. शेकोटी जरा लांबून. जाळाजवळ बसलं की कातडी आणखी सुकते, आणि तेल-व्हॅसलीन लागलेले कपडे पटकन पेट घेतात. शुगरवाल्यांनी तर पाय शेकूच नयेत, मुंग्या येऊन पाय बधिर झालेले असू शकतात, मग भाजलेलं कळत नाही. रोज रात्री टाच उजेडात पाहा.

ओठ जिभेनं चाटू नका, त्यानं जास्त उलतात. पाणी प्या, थंडीत तहान लागत नाही म्हणून आपण विसरतो, पण नुसतं पाणी पिऊन टाचा भरत नाहीत.

भेगेतून रक्त-पू आला, सूज आली तर सरकारी दवाखान्यात दाखवा. खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या, आणि घरातले सगळेच खाजवतायत असं असेल तर ती खरूज असू शकते, ती तेलानं जात नाही, डॉक्टरांनी दिलेलं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.