पासबुकापासून विवरणपत्रापर्यंत : करवजावट कशी शोधावी

करवजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, शोधण्याचे काम बहुतेक जण मार्चमध्ये कलमांची यादी समोर घेऊन सुरू करतात. माझ्या मते ते बँक खात्याच्या बारा महिन्यांच्या उताऱ्यापासून सुरू करावे. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करावी : धंद्याचा खर्च, वजावटीस पात्र असा वैयक्तिक खर्च आणि निव्वळ घरखर्च. कलम त्यानंतर शोधावे. खाली दिलेली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातील असून ती आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला नवा कायदा लागू असल्याने त्यात कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.

खुणा करून झाल्या की जुनी करप्रणाली घ्यायची की नवी (कराचे दर व वजावटींचे दोन पर्याय), ते ठरवावे. नव्या प्रणालीत कलम ८०सी (विमा, पीएफ अशा बचतीची वजावट), ८०डी (आरोग्य विमा व वैद्यकीय खर्चाची वजावट), घरभाडे भत्त्याची सूट आणि स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याज मिळत नाही. मात्र पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि विशेष दराचे उत्पन्न (उदा. शेअर विक्रीचा नफा) वगळता १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर पडत नाही. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते. व्यावसायिकाला जुन्या प्रणालीत जाण्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत, पुन्हा जुनीकडे वळता येत नाही.

‘नव्या प्रणालीत वजावटी संपल्या’ हे वाक्य दुकानदारांच्या तोंडी वारंवार ऐकू येते आणि ते त्यांच्यापुरते अर्धेच खरे आहे. जागेचे भाडे, कामगारांचा पगार, वीज, धंद्याच्या कर्जाचे व्याज, दुरुस्ती, नेहमीचा घसारा (यंत्रे वापराने झिजतात त्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट) हे सारे नफा काढण्यापूर्वीच वजा होते, मग प्रणाली कोणतीही असो. महाराष्ट्रात धंदेवाईकाने स्वतःच्या नावे भरलेला २,५०० रुपयांचा वार्षिक व्यवसाय करही याच खर्चात बसतो. पगारातून कापलेला व्यवसाय कर मात्र फक्त जुन्या प्रणालीत वजा होतो.

भाड्याच्या तीन खोल्यांपैकी एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या आणि वहीखाते ठेवणाऱ्या बाईंचे उदाहरण घेऊ. भाड्याचा तिसरा हिस्सा आणि विजेचा वाजवी हिस्सा त्यांना खर्चात धरता येईल. हिशेब कसा केला, ते एका कागदावर लिहून ठेवावे. त्यांनी ४२,००० रुपयांचे यंत्र बँकेतून पैसे देऊन घेतले, तर १५ टक्क्यांनी ६,३०० रुपये घसारा मिळेल, वर्षात वापर १८० दिवसांहून कमी असेल तर ३,१५०. तेच यंत्र एका दिवसात पूर्ण रोखीने घेतले, तर त्याची किंमत घसाऱ्यासाठी धरलीच जात नाही. कापडाचेही तसेच : एका व्यापाऱ्याला एका दिवसात १८,००० रुपये रोख दिले, तर १०,००० च्या वरचे आठ हजार नव्हे, संपूर्ण १८,००० खर्चातून बाद होतात. वजावट हातची जाते ती बहुधा अशा किरकोळ वाटणाऱ्या रोख व्यवहारांत.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून भरतकाम करून घेतले असेल, तर त्याचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत. मुदत उलटून ते ३१ मार्चलाही थकलेले असतील, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळतो.

वहीखात्याचा व्याप नको असल्यास कलम ४४एडी आहे; त्यात उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा झाला असे धरून कर भरता येतो. ३० लाखांच्या उलाढालीत २४ लाख बँकेमार्फत आणि ६ लाख रोख आले असतील, तर ६ टक्के व ८ टक्के दराने १,४४,००० आणि ४८,०००, असा एकूण १,९२,००० रुपये किमान नफा धरला जातो. मग भाडे, घसारा वेगळा मागता येत नाही. खरा नफा याहून कमी असेल, तर वहीखाते ठेवणे फायद्याचे ठरू शकते. पण हे कलम एकदा स्वीकारून मध्येच सोडले, तर पुढची पाच वर्षे ते वापरता येत नाही, म्हणून हा निर्णय सीएला विचारूनच घ्यावा.

वैयक्तिक वजावटींत विमा, पीएफ सर्वांनाच आठवतात. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनी विसरल्या जाणाऱ्या नोंदी पाहाव्यात : मुलांच्या शाळा-कॉलेजची शिक्षण फी (ट्यूशन फी; खासगी शिकवणीची नव्हे), घर घेताना त्याच वर्षी भरलेले मुद्रांक व नोंदणी शुल्क (दोन्ही ८०सीच्या दीड लाखात), शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि विमा नसलेल्या साठीपुढील आईवडिलांचा ५०,००० पर्यंतचा वैद्यकीय खर्च. हा खर्च रोखीने केलेला चालत नाही. रोख चालते ती प्रतिबंधात्मक तपासणीसाठी, तीही ५,००० पर्यंत.

पेट्रोलपंपावरील आणि तशाच थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावरची बिले काही महिन्यांत कोरी होतात, म्हणून त्यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. ठरावीक टक्के घेऊन खोट्या देणगीची पावती देणाऱ्यांच्या मात्र वाटेला जाऊ नये. चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो. धंद्यात तोटा असला तरी विवरणपत्र मुदतीतच भरावे, कारण तो पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वळता करण्याचा हक्क मुदत चुकली की जातो.