भारी दुर्बीण नवी घ्यावी की वापरलेली: खरेदी, तपासणी आणि पुढची विक्री

पक्षीनिरीक्षणासाठी स्वारोव्स्की, झाइस किंवा लायका यांपैकी एखाद्या कंपनीची वरच्या श्रेणीतली दुर्बीण घ्यायची म्हटली, तर नव्या नगाला आज दोन लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. एवढा पैसा घालताना बहुतेक जण दुकानदाराने सांगितलेली किंमत तेवढी पाहतात. वास्तविक पाहायला हवी ती घट, म्हणजे घेताना दिलेली रक्कम वजा विकताना हाती येणारी रक्कम.

समजा, नवी दुर्बीण २,२०,००० रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी १,५०,००० रुपयांना विकली, तर घट झाली ७०,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला १४,०००. तीच दुर्बीण दुसऱ्याने १,५०,००० रुपयांना घेऊन आणखी पाच वर्षांनी १,२५,००० रुपयांना विकली, तर त्याची घट वर्षाला ५,००० एवढीच. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत आणि प्रत्यक्ष भाव स्थितीप्रमाणे बदलतील. परंतु घसरणीचा मोठा वाटा पहिल्या मालकाच्या पदरी पडतो आणि पुढे ती मंदावते, हा क्रम सहसा बदलत नाही. आता यात अडकलेल्या रकमेवरचे ७ टक्के व्याज मिळवा. नव्या दुर्बिणीचा वार्षिक भार २९,४०० रुपयांवर जातो आणि वापरलेलीचा १५,५०० वर येतो. ६०,००० रुपयांची नवी मध्यम श्रेणीची दुर्बीण पाच वर्षांनी २५,००० रुपयांना विकली, तर तिचा भार याच हिशेबाने ११,२०० रुपये होतो. तेव्हा ‘दुर्बीण ही गुंतवणूक आहे’ असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. मात्र वापरलेली उत्तम दुर्बीण आणि नवी मध्यम दुर्बीण यांच्यातले खरे अंतर किमतीच्या पाट्यांवर दिसते त्याहून पुष्कळ कमी आहे, हेही तितकेच खरे.

या दुर्बिणी भाव का टिकवून धरतात, हे समजले की कोणती घ्यावी हेही कळते. त्यांची मॉडेले मोबाइलसारखी दरवर्षी बदलत नाहीत. स्वारोव्स्कीची ईएल १९९९ साली आली, कडेपर्यंत सपाट आणि रेखीव प्रतिमा देणारी तिची स्वारोव्हिजन आवृत्ती २०१० साली आणि एनएल प्युअर २०२० साली. झाइसची व्हिक्टरी एसएफ २०१४ साली जाहीर झाली, तर लायकाची नॉक्टिव्हिड २०१६ साली. काच, लोलक, ग्रीस आणि रबर यांपलीकडे आत फारसे काही नसल्यामुळे नीट वापरलेली दुर्बीण दहा वर्षांनीही जवळपास पहिल्यासारखे काम करते. नवे मॉडेल बाजारात आले की आधीच्या मॉडेलचे मालक आपली दुर्बीण विकायला काढतात आणि खरेदीदाराला तीच संधी असते, कारण ईएल स्वारोव्हिजनची प्रतिमा एनएल प्युअर आल्यामुळे काही वाईट झालेली नाही. दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका नजरेत मावणारी रुंदी, १,००० मीटरवर १३३ मीटरऐवजी १५९ मीटर मिळावे, यासाठी किती जादा पैसे द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ८.५×४२ ईएल आणि ८×४२ एनएल (पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये) यांच्यातला हा फरक डोळ्यांना जाणवतो खरा, पण पक्षी ओळखण्यात तो क्वचितच आडवा येतो.

इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या दुर्बिणींना हा नियम लागू पडत नाही. अंतरमापक असलेली मॉडेले, किंवा २०२४ साली आलेली आणि पक्ष्याचे नाव सुचवणारी स्वारोव्स्की एएक्स व्हिजिओ, यांची काच उत्तमच आहे; पण आतले संगणकीय भाग काचेपेक्षा लवकर जुने होतात. पुढे विकण्याचा विचार मनात असेल तर त्यांपासून दूर राहावे, असे माझे मत आहे.

जुन्याची हौसही एका मर्यादेत ठेवावी. सरळ नळीच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येतात आणि त्या प्रवासात त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळेनाशा होतात. परिणामी प्रतिमेचा रेखीवपणा कमी होतो. हा दोष घालवणारा फेज-करेक्शन लेप झाइसने १९८८ साली आणला, आणि झाइसच्याच जुन्या डायलिट मालिकेतल्या दुर्बिणींवर लेपाच्या खुणेत ‘पी’ हे अक्षर दिसते ते त्यासाठीच. ते अक्षर नसलेली डायलिट संग्रहासाठी ठीक आहे, रोजच्या वापरासाठी नाही. (जुन्या धाटणीच्या, खांदे बाहेर आलेल्या पोरो प्रिझमच्या दुर्बिणीत हा दोष उद्भवतच नाही.) आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करता नायट्रोजन भरलेले आणि पाणी आत न जाणारे मॉडेल असावे, ही दुसरी अट. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने तर त्यात तडजोड करूच नये.

आता तपासणीकडे वळू. या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास हाच. दुर्बीण संध्याकाळी पाहायला मागावी. दुकानातल्या झगझगीत प्रकाशात साधी दुर्बीणही चांगली वाटते. फरक कळतो तो दिवेलागणीला, झाडाच्या सावलीतल्या फांद्यांवर. उजेड असतानाच विजेच्या तारेवर बसलेला कावळा किंवा पांढुरक्या आभाळातली घार पाहून कडेला जांभळी झालर किती उमटते, हे तपासावे. नंतर दूरच्या आडव्या तारेवर नजर ठेवून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू १५-२० सेंटीमीटर मागे घ्यावी. दोन वर्तुळे वेगळी दिसू लागतील; दोन्हींत तार एकाच उंचीवर असेल तर नळ्यांचा मेळ शाबूत आहे. एका वर्तुळात ती वर आणि दुसऱ्यात खाली दिसली, तर दुर्बीण कधीतरी पडलेली आहे असे समजावे, मग बाहेर एकही ओरखडा नसो. दहा मिनिटे सलग पाहून झाल्यावर डोळे ताणल्यासारखे वाटले किंवा दुर्बीण खाली घेताच क्षणभर दोन-दोन दिसले, तरीही अर्थ तोच.

यानंतर खोलीत अंधार करून मोबाइलच्या बॅटरीचा झोत पुढच्या मोठ्या भिंगातून आत सोडावा आणि नेत्रिकेकडून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, तिरके पाहावे. मग बाजू बदलून पुन्हा पाहावे. चार-दोन धुळीचे कण दिसतील, त्यांची चिंता नको, प्रतिमेवर त्यांचा परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी दुर्बीण निम्म्या किमतीत मिळत असली तरी परत करावी, कारण बुरशी लेप खाते, आणि ती काढायची तर दुर्बीण उघडून, साफ करून, पुन्हा हवाबंद करून, नळ्यांचा मेळ नव्याने साधावा लागतो. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर आत ओल गेली आहे किंवा ग्रीसची वाफ काचेवर बसली आहे. भिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडून पाहिले की लेपाचा रंग दिसतो. मध्येच एखादा ठिपका पांढरा चमकला तर तिथला लेप शर्टाच्या टोकाने पुसून पुसून गेलेला असतो.

यांत्रिक भागांचे काम लवकर उरकते. फोकसचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. दिशा बदलताना ते थोडे रिकामे फिरत असेल किंवा मध्येच अडखळत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापून घ्यावा. बिजागरी आपल्या वजनाने मिटता कामा नये, आणि डोळ्यांजवळचे वर-खाली होणारे कप प्रत्येक टप्प्यावर ठाम बसावेत. रबर चिकट झाले असेल किंवा फुगून सुटत असेल, तर मालकाला डास पळवणारे मलम वापरायची सवय होती का, ते विचारावे. त्यातले डीट हे रसायन प्लास्टिक आणि रबरासारख्या वस्तू बिघडवते. रबर बदलता येते. बुरशीने खाल्लेला लेप परत आणता येत नाही.

कागदपत्रांत अनुक्रमांक महत्त्वाचा. तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे आणि शक्य असल्यास कंपनीकडे लिहून उत्पादनाचे वर्ष विचारून घ्यावे. चोरीचा माल आणि नक्कल, दोन्ही इथेच उघडी पडतात. वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे की दुर्बिणीबरोबर पुढे जाते, आणि ती कोणत्या देशात चालते, हे त्या देशाच्या अटींत लिहिलेले असते. व्होर्टेक्स या अमेरिकन दुर्बीण कंपनीची तिथली व्हीआयपी वॉरंटी बिलाशिवायही नव्या मालकाकडे जाते. युरोपीय कंपन्यांकडून तेवढ्या मोकळेपणाची अपेक्षा धरू नये.

नवी दुर्बीण घेणे शहाणपणाचे ठरते ते मुख्यतः तेव्हा, जेव्हा वापरलेली हातात घेऊन पाहणे शक्य नसते. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या भावाने तिथल्या विक्रेत्याकडून वापरलेली घेऊन आणली, तर ती त्याने स्वतः वरीलप्रमाणे तपासलेली असावी, आणि विमानतळावर शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर ती जाहीर करून शुल्क भरावे, त्याची पावती पुढे विक्रीलाही उपयोगी पडते. परदेशातून कुरियरने मागवलेल्या वापरलेल्या दुर्बिणीवर मात्र सीमाशुल्क आणि वाहतूक धरली की बचतीतले फारसे काही उरत नाही, आणि दोष निघाला तर परत पाठवण्याचा खर्चही बहुधा आपल्याच माथी येतो.

विकण्याची तयारी घेतल्या दिवसापासून करावी. पेटी, बिल, मूळ पट्टा आणि झाकणे जपून ठेवावीत. पट्टा रोजच्या वापरासाठी दुसरा घ्यावा आणि मूळचा पेटीतच राहू द्यावा. दुर्बिणीवर नाव कोरू नये. चामड्याच्या पिशवीत ओल टिकून राहते, म्हणून पावसाळ्यात तिच्यात दुर्बीण ठेवू नये; हवाबंद डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल घालून ठेवावी आणि रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. फोटोग्राफीसाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे हवा कोरडी राखणारे कपाट, घरात असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर दुर्बीणही तिथेच राहू शकते. ८×४२ आणि १०×४२ ही मापे लवकर खपतात. ५६ मिलिमीटर भिंगाच्या अवजड दुर्बिणीला गिऱ्हाईक थांबून शोधावे लागते.

मुंबईत फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत भाव विचारला तर तो कमी वाटेल, कारण दुकानदाराला स्वतःचा नफा काढायचा असतो. ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाला थेट विकल्यास दोघांचाही फायदा होतो. स्थलांतरित पक्षी भिगवण आणि नांदूर मध्यमेश्वरला येऊ लागतात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ विक्रीसाठी बरा, आणि खरेदी करणाऱ्याने जून-जुलैत घासाघीस करावी. जाहिरातीत भिंगांची बॅटरी टाकून काढलेली छायाचित्रे द्यावीत, रबरावरचा ओरखडाही दाखवावा, आणि अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकून पूर्ण क्रमांक प्रत्यक्ष भेटीतच दाखवावा. पैसे खात्यात जमा झाल्यावर क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला साधा विक्रीकागद मूळ बिलासोबत द्यावा.