पूरग्रस्तांसाठी देणगी देताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि शिरोळ तालुक्यातील गावे वेढली होती, त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर एक क्यूआर कोड आला. वर एका जुन्या संस्थेचे बोधचिन्ह होते, खाली पाण्यात बुडालेल्या घरांचे छायाचित्र होते आणि पाठवणारे नात्यातले वडीलधारे होते. कोड स्कॅन केल्यावर मात्र पडद्यावर संस्थेऐवजी कुणा एका व्यक्तीचे नाव उमटले. मी रक्कम भरली नाही. काकांना विचारले, तेव्हा त्यांच्याकडे तो संदेश भिशीच्या गटातून आल्याचे कळले आणि त्यामागची साखळी कुणालाच ठाऊक नव्हती.

बराच पैसा बुडतो तो याच चुकीने: संदेश पाठवणारा माणूस विश्वासू आहे, म्हणजे संदेशही विश्वासू आहे असे आपण धरून चालतो. यूपीआयमध्ये पिन टाकण्यापूर्वी खातेधारकाचे नाव दिसते, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे आणि खाते क्रमांक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या कार्यालयात फोन करून पडताळावा. संदेशात दिलेल्या क्रमांकावरच फोन करून केलेली पडताळणी ही पडताळणी नव्हे. २०१८ च्या केरळच्या महापुरात तर मुख्यमंत्री मदतनिधीच्या नावानेच बनावट यूपीआय आयडी फिरवले गेले होते, त्यामुळे सरकारी नाव दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये.

दुसरी चूक कागदपत्रांबाबतची आहे. नोंदणी क्रमांक दिसला की आपले समाधान होते, परंतु प्रत्येक क्रमांकाचा अर्थ वेगळा असतो. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावरील माहिती संस्थेनेच भरलेली असते, त्यामुळे तो क्रमांक म्हणजे संस्थेच्या कामाला मिळालेले प्रशस्तिपत्र नव्हे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि त्याला लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब मागणे हा देणगीदाराचा आगाऊपणा मुळीच नाही. चांगल्या संस्था ते आनंदाने देतात. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारे ‘८०जी’चे प्रमाणपत्र दाखवले गेले तर त्यावरील मुदतही पाहावी, कारण ही मान्यता कायमची नसते. शिवाय २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती सवलत मुळातच नाही. म्हणून केवळ सवलतीच्या आमिषाने संस्था निवडण्यात अर्थ नाही.

“तुमचा शंभर टक्के पैसा थेट पूरग्रस्तांपर्यंत” हे वाक्य ऐकून भारावून जाणे ही मला विशेष खटकणारी चूक आहे. ट्रकचे डिझेल, गोदामाचे भाडे, याद्या करणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन, हिशेब लिहिणारा माणूस, हे सगळे कुणाला तरी द्यावेच लागते. हा खर्च किती आहे हे उघडपणे सांगणारी आणि तो कशावर झाला हे दाखवणारी संस्था माझ्या मते अधिक भरवशाची आहे.

मदतीचा सगळा भर पहिल्याच आठवड्यावर देणे हीसुद्धा चूकच आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि ओसरले तेव्हा घराघरांत, दुकानांत चिखल उरला होता. अशा वेळी फावडी, घमेली, झाडू, पंप आणि हात लागतात. जुन्या कपड्यांची बोचकी आली, तर ती निवडण्यातच कार्यकर्त्यांचा दिवस जातो. नंतरच्या महिन्यांत पुस्तके, शिलाई यंत्रे, हातगाड्या, दुभती जनावरे यांची गरज उभी राहते, पण तोवर देणगीचा ओघ आटलेला असतो. म्हणून संस्थेला “आज काय वाटताय?” यासोबतच “तीन महिन्यांनी कोणत्या गावात असाल?” हेही विचारावे. ज्यांचे त्या तालुक्यात आधीपासून काम आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर गावांच्या नावांसह देता येते.

परदेशातील नातेवाइकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय ठरते आणि ती एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेच्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते.

फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर लाजेने गप्प बसू नये. व्यवहाराचा क्रमांक आणि संदेशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. त्यानंतर ज्या गटातून संदेश आला त्या गटात तसे स्पष्ट लिहावे. तोच कोड तेव्हा आणखी कुणीतरी स्कॅन करत असतो.