रेडिओ स्रोतांचा वर्णपट काढताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात रेडिओ दुर्बीण नाही. मात्र 2009 साली सोडलेल्या प्लांक उपग्रहाने 30 ते 857 गिगाहर्ट्झपर्यंतच्या नऊ कंप्रता-पट्ट्यांत केलेल्या पाहणीच्या स्रोतसूच्या सर्वांना खुल्या असल्याने, आमचे विद्यार्थी त्यांवरून आकाशगंगेबाहेरील तेजस्वी स्रोतांचे वर्णपट, म्हणजे कंप्रतेनुसार तेज कसे बदलते याचे आलेख, काढतात.

सर्वांत घातक चूक वेळेची असते. सूक्ष्मलहरींत तेजस्वी दिसणारे बहुतेक स्रोत ब्लाझार, म्हणजे ज्यांचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे अशा दीर्घिका असून त्यांचे तेज काही महिन्यांतच बदलते. समजा, एक स्रोत 2005 साली 5 गिगाहर्ट्झला 1 जान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) भरला आणि 2010 साली, उद्रेकाच्या काळात, 30 गिगाहर्ट्झला 2 जान्स्की. हे बिंदू जोडले की निर्देशांक, म्हणजे लॉगरिदमी आलेखातील रेषेचा चढ, +0.39 येतो आणि चढत्या वर्णपटाचा स्रोत हाती लागला असे वाटते. वस्तुतः वर्णपट जवळजवळ सपाट असू शकतो. वणीचा दिवाळीतला आणि हिंगणघाटचा मार्चमधला कापसाचा भाव घेऊन कोणता बाजार महाग ते ठरवावे, तसेच हे झाले. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियातील नॅराब्रीच्या दुर्बीणमालिकेने (एकत्र जोडलेल्या अनेक रेडिओ दुर्बिणींनी) प्लांकच्या निरीक्षणापासून दहा दिवसांच्या आत तेच स्रोत 4.5 ते 40 गिगाहर्ट्झमध्ये मोजण्याचा प्रकल्प मुद्दाम राबवला. शिवाय प्लांकच्या 2013 आणि 2015 च्या सूच्यांतील आकडा आकाशाच्या पाहणीच्या अनेक फेऱ्यांची सरासरी असतो, हे विद्यार्थी हमखास विसरतात. उद्रेक त्या सरासरीत विरून जातो.

दुसरी चूक दुर्बिणीच्या नजरेच्या रुंदीची, म्हणजे आकाशाचा केवढा तुकडा तिला एकच ठिपका म्हणून दिसतो याची. प्लांकची ही रुंदी 30 गिगाहर्ट्झला सुमारे अर्धा अंश, तर 217 ला त्याच्या साधारण सहाव्या भागाइतकी होती. म्हणून खालच्या पट्ट्यात शेजारचे दोन स्रोत एकच भासतात. उलट, जवळपास एक अंश पसरलेल्या फोर्नॅक्स ए या रेडिओ दीर्घिकेसारख्या स्रोताचा विस्तृत भाग दुर्बीणमालिकेच्या मोजणीतून निसटतो आणि तेज कमी भरते.

मोजणीच्या मर्यादेलगतचे क्षीण स्रोत तर मोजणीतील यादृच्छिक चढउतारांमुळे सरासरीने खऱ्याहून तेजस्वी नोंदले जातात. त्यांवर निष्कर्ष उभारू नयेत.

217 गिगाहर्ट्झच्या पुढे वर्णपट अचानक वर चढला, तर प्रथम आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा संशय घ्यावा. स्रोत आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ आहे का, हे नकाशावर पाहावे आणि सूचीतील धूळमेघांविषयीचा स्तंभ वाचल्याशिवाय तो बिंदू आलेखात घेऊ नये.